पनीरचं पाणी आणि आमचा ईटीपी : फेब्रुवारी ते ऑक्टोबर २०२४ च्या नोंदी

सांगली जिल्ह्यातली छोटी खाजगी डेअरी. रोजचं संकलन १०,००० लिटरच्या आसपास. पिशवीचं दूध, दही, ताक, २०२१ पासून पनीर, आणि सणासुदीला चक्का-श्रीखंड. ईटीपी, म्हणजे सांडपाणी शुद्ध करायची यंत्रणा, २०१९ मध्ये ठेकेदाराने बांधून दिलेली: फॅट ट्रॅप (तूप-चरबी अडवणारा हौद), ३० घनमीटरची इक्वलायझेशन टाकी (दिवसभराचं पाणी एकत्र करायला), ९० घनमीटरची एअरेशन टाकी (ब्लोअरने हवा सोडून जिवाणू पोसायला), सेटलिंग टाकी (गाळ खाली बसवायला) आणि गाळ वाळवायचे दोन वाफे. बाहेर पडणारं पाणी आवारातल्या हत्ती गवताला जातं.

मी इथे लॅबला. दुधातलं फॅट-एसएनएफ (चरबी आणि बाकीचे घन पदार्थ) काढणं हे माझं काम; सांडपाण्यातलं ओ की ठो कळत नव्हतं. जानेवारीत बाहेरच्या पाण्याचा बीओडी (पाण्यातली घाण खाताना जिवाणूंना लागणारा ऑक्सिजन, म्हणजे घाणीचं माप) ४१० आला. डेअरीला मर्यादा १०० मिग्रॅ/लिटरची आहे (तरंगते घन १५०, तेल-चरबी १०, पीएच ६.५ ते ८.५). नोटीस आली. मालक म्हणाले, "तुम्ही केमिस्ट्रीवाले ना? मग बघा की." तेव्हापासूनची ही वही. छोट्या डेअरीत कुणी अशाच फेऱ्यात सापडला असेल तर त्याच्या उपयोगाला यावी म्हणून नीट लिहून काढली.

५ फेब्रुवारी

गेटपासूनच आंबूस वास. एअरेशन टाकीतलं पाणी खाकी असायला हवं म्हणतात, आमचं राखाडी-काळं. एक लिटरच्या मापाच्या सिलिंडरमध्ये भरून अर्धा तास ठेवलं: तळाला ८० मिली काळा गाळ, वर ताकासारखं गढूळ पाणी.

ईटीपीवर तात्या असतात, पहिल्यापासून तेच बघतात. ब्लोअर रात्री चालतो का विचारलं तर म्हणाले, "रात्री बंद असतोय की. बिल येतंय म्हणून ऑफिसातनंच सांगितलंय." साडेसात एचपीचा ब्लोअर, दिवसरात्र चालवला तर रोज १३० च्या वर युनिट खातो हे खरं. पण रात्रीचे दहा तास हवा नाही म्हणजे टाकीतले जिवाणू रोज रात्री गुदमरतात. आजपासून बंद करायचा नाही असं ठरलं. मालक तयार झाले, पण "एक महिना बघू" म्हणून.

फॅट ट्रॅपवर वीतभर जाड पिवळट थर, काठी उभी राहील असा. शेवटचा कधी साफ केला ते कुणालाच आठवेना. दोन माणसांनी १४ बुट्ट्या काढल्या.

८ फेब्रुवारी

तीन दिवसांत एअरेशन टाकीवर पुन्हा तुपाचे डोळे. ट्रॅप तर स्वच्छ आहे! सीआयपीचं (यंत्रं न उघडता आतून धुण्याचं) ७०-७५ अंशांचं पाणी सरळ ट्रॅपमध्ये येतं, त्यात तूप वितळून खालून निघून जातं आणि पुढच्या टाकीत थंड झालं की गोठतं. आपण घरी तूप कढवतो तरी हे डोक्यात आलं नाही. गरम पाणी आता आधी बाहेरच्या उघड्या हौदात थांबवतो, निवलं की सोडतो. हौद जुनाच होता, खर्च शून्य.

१२ फेब्रुवारी

टाकीला विरजण लावायचं. जुने लोक म्हणाले शेण टाका, आणि आपल्याकडे शेणाला काय तोटा. १,५०० रुपयांत ट्रॉलीभर शेण आणलं, कालवलं, ओतलं.

२१ फेब्रुवारी

शेणाने नऊ दिवस खाल्ले. शेणात काडीकचरा आणि न पचलेल्या चाऱ्याचे धागे. गाळ परत आणणारा पंप दोनदा जाम झाला, एकदा इम्पेलर उघडावा लागला. सिलिंडरमध्ये गाळ २५० मिली दिसायला लागला म्हणून मी खूश होतो, पण तो गाळ नव्हताच, बसलेलं शेण होतं. पाणी होतं तेवढंच गढूळ. शेणातले जिवाणू गाईच्या पोटात हवेशिवाय जगणारे, त्यांना ब्लोअरखाली आणून बसवायचं म्हणजे माशाला झाडावर चढवणं. पुष्कळ ठिकाणी शेण टाकतात आणि काम होतं असंही ऐकतो. आमच्याकडे झालं नाही.

२४ फेब्रुवारी

चालू असलेल्या मैलापाणी केंद्रातून ८,००० लिटर जिवंत गाळाचा टँकर आणला. भाड्यासकट ७,००० रुपये. आणताना टँकर उन्हात तीन तास उभा नको, तेवढ्यात गाळ सडायला लागतो. आम्ही पहाटे पाचला निघालो. पहिले पंधरा दिवस बाहेर पडणारं पाणी गवताला न देता प्लास्टिक अंथरलेल्या शेततळ्यात साठवलं.

७ मार्च

पाण्याला खाकी रंग येतोय. ओल्या मातीसारखा वास. सिलिंडरमध्ये ३८० मिली. विरघळलेला ऑक्सिजन मोजायचं मीटर घेतलं, २२,००० रुपये. मालकांनी तोंड वाकडं केलं, पण ते नसतं तर पुढचं काहीच समजलं नसतं. सकाळी ११ ला टाकीत १.८ मिग्रॅ/लिटर. दोनच्या आसपास असायला हवा. ठीक.

आत येणाऱ्या पाण्याचाही नमुना दिला, सकाळी ११ लाच. बीओडी १,२००.

(हा "सकाळी ११" लक्षात ठेवा. महिनाभर याच्यामुळेच फसलो.)

१६ मार्च

शनिवार, आठवड्याची मोठी धुलाई. संध्याकाळी टाकीवर पांढरा फेस, गुडघाभर. आत येणाऱ्या पाण्याचा पीएच ११.६. पाश्चरायझर धुतलेलं दीड टक्क्याचं कॉस्टिक सोड्याचं पाणी ४०० लिटर एकदम सोडून दिलेलं, पाठोपाठ नायट्रिक आम्लाचं पाणी. आतल्यांचा त्यात काय दोष, त्यांना कुणी सांगितलंच नव्हतं की या गटाराच्या टोकाला काहीतरी जिवंत आहे.

एरवी आमचं पाणी आंबटच असतं. दुधातल्या साखरेचं लॅक्टिक आम्ल होतं आणि इक्वलायझेशन टाकीत पाणी नुसतं पडून राहिलं तर उन्हाळ्यात एका दिवसात पीएच ५ च्या खाली जातो. तो वर आणायला आम्ही रोज सहा किलो कॉस्टिक फ्लेक्स विकत घेऊन टाकत होतो आणि शनिवारी ४०० लिटर तेच कॉस्टिक ओतून देत होतो!

१९ मार्च

एक हजार लिटरच्या दोन टाक्या बसवल्या, पाइपिंगसकट १७,००० रुपये. वापरलेलं कॉस्टिक एकीत, आम्लाचं पाणी दुसरीत. कॉस्टिकला बारीक व्हॉल्व्ह, आठवडाभर थेंबथेंब सोडायचं. इक्वलायझेशन टाकीत ब्लोअरच्या लाइनवरून एक फांदी टाकली, पाणी नुसतं ढवळत राहावं म्हणून. फ्लेक्सची पोती घेणं बंद.

२८ मार्च

एका सल्लागाराला फोन केला होता. त्यांनी पाणी न बघता सांगितलं, जिवाणूंना नत्र-स्फुरद कमी पडतंय, रोज ५ किलो युरिया आणि २ किलो डीएपी टाका. दहा दिवस टाकलं. (शेतीचा अनुदानाचा युरिया कारखान्यात वापरणं गुन्हा आहे. टेक्निकल ग्रेड घ्यावा लागतो आणि तो बराच महाग पडतो.) बाहेरच्या पाण्याला अमोनियाचा वास आणि शेततळ्यात हिरवागार शेवाळाचा थर.

मग कागद घेऊन बसलो. जिवाणूंना बीओडी:नत्र:स्फुरद १००:५:१ लागतं. एक लिटर दुधाचा बीओडी ढोबळ १०० ग्रॅम. त्यातल्या ३२ ग्रॅम प्रथिनांमध्ये नत्र ५ ग्रॅम. स्फुरद साधारण १ ग्रॅम. म्हणजे दूध स्वतःच १००:५:१ आहे! जे पाणी दूध धुऊन आलंय त्याला वरून खत कशाला? बंद केलं. दुधाचं गणित रोज करणाऱ्या माणसाने हे आधी करायला हवं होतं.

८ एप्रिल

उद्या पाडवा. चार दिवस श्रीखंडाची धांदल. दही फडक्यांत टांगलेलं, खाली चक्क्याची निवळी पाटात, पाटातून गटारात. दुपारपासून टाकी पांढुरकी. मीटर ०.१ दाखवतं. मला वाटलं मीटर बिघडलं, बादलीभर साधं पाणी हाताने ढवळून त्यात धरलं तर ६ दाखवलं. मीटर ठीक होतं.

संध्याकाळी फेस कठड्यावरून ओसंडून वाटेवर आला. तात्या पाण्याचा फवारा मारून फेस मोडत होते, तो पुन्हा चढत होता. रात्री दहाला सेटलिंग टाकीतून पातळ ताकासारखं पाणी बाहेर. गवताकडचा व्हॉल्व्ह बंद केला, शेततळ्याकडे वळवलं. घरी पोचलो तेव्हा पावणेबारा झाले होते. सकाळी गुढी बायकोनेच उभारली.

१३ एप्रिल

आज बसून दिवसभराचं मोजलं. दर तासाला नमुना, सकाळी ६ ते रात्री १०, स्वतः. बीओडीचा निकाल यायला २७ अंशांवर तीन दिवस लागतात, म्हणून सीओडी केला (घाणीचंच माप, पण जिवाणूंऐवजी रसायनाने काढलेलं), तो त्याच दिवशी कळतो.

११ ला: सीओडी २,१००. दुपारी १ ला: १,९००. दुपारी ४ वाजून १० मिनिटांनी: ३१,०००.

दोनदा केला. तेवढाच.

चार वाजता पनीरच्या व्हॅटचा नळ उघडतात. पाइपातून पोपटी-पिवळसर, वाफाळतं पाणी येतं, वास उकळलेल्या दुधाचा, चव किंचित आंबट. वीस मिनिटांत संपतं. आम्ही नमुना घेतो सकाळी ११ ला, त्यामुळे ते आमच्या एकाही रिपोर्टात नव्हतं.

आता हिशेब. रोज १,५०० लिटर दुधाचं पनीर, त्याचं पाणी निघतं १,२५० लिटर. पनीरच्या पाण्याचा बीओडी लिटरला ४० ग्रॅम धरला तर ५० किलो. बाकी सगळ्या डेअरीचं धुण्याचं पाणी ३२,००० लिटर, १,२०० मिग्रॅने ३८ किलो. म्हणजे कोपऱ्यातल्या एका व्हॅटचा भार बाकी सगळ्या डेअरीपेक्षा नुसता जास्त नव्हे, सव्वापटीहून जास्त. ईटीपीच्या पाटीवर लिहिलंय: क्षमता ४० किलो. पाटी २०१९ ची, पनीर २०२१ चं. व्हॅट बसवताना त्याचं पाणी कुठे जाणार हे कुणी विचारलं नाही, कारण फरशीला उतार होता आणि टोकाला जाळी होती.

दोन महिने मी टाकीच्या काठावर उभा राहून टाकीलाच बघत होतो.

१५ एप्रिल

मालकांशी बोलणं. त्यांचं म्हणणं, अजून एक ब्लोअर टाकू. मी म्हटलं, दुसरा ब्लोअर, त्याचं वीजबिल, शिवाय टाकीही अपुरी. त्यापेक्षा एक पाइप टाकू. "आणि ते पाणी नेणार कोण?" "म्हशी." हसले, पण परवानगी दिली.

२६ एप्रिल

पनीर व्हॅटपासून गेटपर्यंत वेगळी स्टीलची लाइन, छोटा पंप, गेटजवळ स्टँडवर २,००० लिटरची टाकी, खाली दीड इंची नळ. ३८,००० रुपये. आसपासच्या गोठेवाल्यांना सांगितलं, कॅन आणा, फुकट न्या. पहिल्या दिवशी दोघे आले, त्यातला एक बघायला आलेला.

सोबत दुसरं एक फुकटातलं काम: पाइपातलं दूध पाण्याने ढकलताना जे पहिलं पांढरं पाणी येतं ते गटारात न सोडता कॅनमध्ये धरायचं. रोज २०० लिटर निघतं, त्यात पाव हिस्सा दूध. म्हणजे ५ किलो बीओडी आपोआप कमी. तेही गेटच्या टाकीत.

४ मे

तीन गोष्टी चुकल्या, एकाच आठवड्यात.

एक. पाणी ७० अंशांवर निघतं, टाकीत रात्रभर कोमट राहतं, सकाळपर्यंत कडक आंबट. लोकांनी नेलं नाही. आता व्हॅटमधून निघतानाच जुन्या बल्क कूलरच्या कॉइलवरून फिरवतो.

दोन. एकाने पहिल्याच दिवशी दोन म्हशींना पोटभर पाजलं. दोन्ही पातळ हागल्या. तो गेटवर येऊन जे बोलला ते इथे लिहीत नाही. डॉक्टरांनी सांगितलं ते आता टाकीवर रंगवून ठेवलंय: पहिल्या आठवड्यात जनावराला पाच लिटरच्या वर नाही, भुशात कालवून, आणि साधं पाणी वेगळं ठेवायचंच.

तीन, आणि हे सगळ्यात लाजिरवाणं. जुन्या गटाराकडे जाणारा व्हॉल्व्ह मी काढला नव्हता, "अडीनडीला असू दे" म्हणून. टाकी भरली की रात्रपाळीचा पोरगा तो उघडायचा. सोमवार, बुधवार, दोन्ही दिवस ऑक्सिजन ०.३. मी बुधवारपर्यंत टाकीत हवा सोडणारे डिफ्युझर चोंदले म्हणून शोधत होतो! व्हॉल्व्ह कापून प्लेट वेल्ड करून टाकली.

आणि एकाने गोबरगॅसमध्ये रोज १०० लिटर टाकून बघितलं. चौथ्या दिवशी गॅस बंद, आतलं सगळं आंबून गेलं. शेण वाढवून तीन आठवड्यांनी सुरळीत झालं. सुरुवात १० लिटरने केली असती तर कदाचित चाललं असतं, पण आता तो नाव काढू देत नाही.

२० मे

सात जण रोज नेतात. टाकी सकाळी नऊला रिकामी. एअरेशनमध्ये चोवीस तास २ च्या वर ऑक्सिजन. बाहेरचा सीओडी १९०.

११ जून

वळीव, रोज संध्याकाळी लाइट जाते. परवा सलग सात तास. जनरेटर कोल्ड स्टोरेजला आहे, ब्लोअरला नाही.

सिलिंडरमध्ये अर्ध्या तासाने ९०० मिली. गाळ बसतच नाही, कापूस पिंजून पाण्यात सोडल्यासारखा. एमएलएसएस (लिटरभर पाण्यातला कोरडा गाळ, मिग्रॅमध्ये) ३,४०० म्हणजे इंडेक्स (एक ग्रॅम गाळ किती मिली जागा व्यापतो) २६५. १५० च्या वर गेला की गडबड. जवळच्या कॉलेजात नेऊन मायक्रोस्कोपखाली बघितला: गुठळ्यांमधून केसांसारखे लांब धागे बाहेर आलेले. कमी हवेत हे धागेवाले जिवाणू बाकीच्यांवर कुरघोडी करतात.

१८ जून

ब्लोअर जनरेटरवर घेतला. केबल आणि चेंजओव्हर, १४,००० रुपये. परत येणाऱ्या गाळाच्या लाइनमध्ये १० टक्क्यांचं हायपोक्लोराइट, रोज ६ लिटर, पाच दिवस. टाकीत ३०० किलोच्या आसपास कोरडा गाळ आहे, हजार किलो गाळाला दोन किलो क्लोरीन असा अंदाज धरला. क्लोरीन बाहेर आलेल्या धाग्यांना आधी लागतं, गुठळीच्या आतले वाचतात. हात सैल सोडला तर सगळेच मरतील, म्हणून रोज मोजून मीच ओतलं. पाचव्या दिवशी ५२० मिली. थांबलो.

२३ जुलै

आता सेटलिंग टाकीत गाळाचे ढेकूळ तळातून वर येऊन तरंगतात. तात्या म्हणाले, परत तेच. मलाही तसंच वाटलं, हायपोचा कॅन हातात घेतलाही होता. पण सिलिंडर बघितला तर गाळ अर्ध्या तासात छान बसला, ३४० मिली, वरचं पाणी काचेसारखं. तसाच टेबलावर विसरलो. दोन तासांनी बघतो तर सगळा गाळ अख्खा उचलून वर आलेला, बुच लागल्यासारखा. काचेच्या कांडीने ढवळलं, बारीक बुडबुडे निघाले, आणि पुन्हा खाली बसला.

हा वेगळा आजार. हवा भरपूर, भार कमी, त्यामुळे प्रथिनांतल्या नत्राचं नायट्रेट होतंय, त्यात नायट्रिकच्या धुलाईचं आणखी. गाळ सेटलिंग टाकीत जास्त वेळ पडून राहिला की तिथे हवा संपते, नायट्रेटचा नायट्रोजन वायू होतो आणि तोच गाळाला उचलतो. इथे हायपो टाकलं असतं तर धडधाकट गाळ मारला असता. उपाय साधा: गाळ परत आणणारा पंप तासाला १५ मिनिटं चालायचा तो ३५ केला, आणि वाफ्यावर जास्तीचा गाळ एक दिवसाआड. चार दिवसांत बंद झालं.

६ सप्टेंबर

उद्या गणपती. काल रिपोर्ट आला: बीओडी ६२, तरंगते घन ८८, तेल-चरबी ७, पीएच ७.६. हे सगळं २४ तासांच्या एकत्रित नमुन्याचं, सकाळी ११ चं नाही.

पाण्याचा वापरही ३२ वरून २६ घनमीटरवर आला. लिटरभर दुधामागे तीन लिटर सांडपाणी ही मर्यादा आहे, आम्ही आधी तिच्याही बाहेर होतो आणि कुणाच्या ध्यानात नव्हतं. होजपाइपांना बंदुकीच्या नोझल लावल्या, बाकी काही नाही.

एकूण खर्च: पनीरची लाइन ३८,०००, मीटर २२,०००, कॉस्टिकच्या टाक्या १७,०००, जनरेटरची केबल १४,०००, गाळाचा टँकर ७,०००, शेण १,५००. लाखाला ५०० कमी. युरिया-डीएपी आणि लॅबची बिलं यात धरली नाहीत, ती फाइल अकाउंटला आहे. वीजबिल अर्थातच वाढलं, ब्लोअर चोवीस तास आहे. मालकांचा "एक महिना" अजून चालू आहे.

१० ऑक्टोबर

परवा दसरा. आजच्या दिवसात चक्क्याची निवळी २,६०० लिटर. पाडव्याला हीच गटारात गेली होती. या वेळी भाड्याने आणखी एक टाकी आणून ठेवली, आणि सात गोठेवाल्यांना आठवडा आधी सांगितलं. चक्क्याची निवळी पनीरच्या पाण्यापेक्षा आंबट, त्यामुळे दोघे नको म्हणाले. दुपारी ३ पर्यंत १,९०० लिटर गेली. उरलेली ७०० लिटर कुणी नेईना, शेवटी इक्वलायझेशन टाकीत कॉस्टिकबरोबर जोडीने सोडायला घेतली, तासाला ४० लिटर, म्हणजे साडेसतरा तास.

रात्री ९: ऑक्सिजन १.१. फेस पायरीच्या खाली. सिलिंडर ३६० मिली.

तात्या थांबलेत. पहाटे चारला व्हॉल्व्ह बघायला मी येणार आहे.